पिंजरा बदलला आणि मेटाबोलिझमच बदललं? इरिनोटेकॅनच्या एका रॅट स्टडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका प्रीक्लिनिकल लॅबमधलं आहे, म्हणजे माणसांआधी प्राण्यांवर औषध तपासणाऱ्या लॅबमधलं. लॅबचं नाव, गाव, स्पॉन्सर सगळं गाळलंय आणि कोणी ओळखू येईल असे एकदोन तपशील फिरवलेत, बाकी गोष्ट आहे तशी. मी बायोअ‍ॅनालिसिसच्या बाजूने होतो, म्हणजे प्राण्यांकडून आलेले सॅम्पल मशीनवर चालवायचे आणि आकडे द्यायचे. त्यामुळे जे लिहितोय ते त्या खुर्चीतून दिसलेलं, अ‍ॅनिमल हाउसवाल्यांना कदाचित थोडं वेगळं दिसलं असेल.

औषध होतं इरिनोटेकॅन. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सर्रास वापरतात, जपानमध्ये १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला मंजूर झालेलं. ज्या कॅम्प्टोथेसिनपासून ते बनतं ते १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं काढलं, आणि हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे फार्मसीच्या पोरांनासुद्धा बरेचदा माहीत नसतं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही तेच द्रव्य मिळतं, म्हणून तर त्याची चोरटी तोड होते. असो, मूळ मुद्द्याकडे.

स्पॉन्सर एक छोटी कंपनी. त्यांनी इरिनोटेकॅन एका नॅनो कॅरिअरमध्ये (औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांत) भरलं होतं, कल्पना अशी की औषध रक्तात हळूहळू सुटेल, एकदम मारा होणार नाही आणि जुलाब कमी होतील. लायपोसोमवालं (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं) इरिनोटेकॅन अमेरिकेत २०१५ पासून आहेच, त्यामुळे कल्पना काही हवेतली नव्हती. त्यांना रॅटमध्ये बघायचं होतं की साधं इंजेक्शन आणि त्यांचं इंजेक्शन यात औषध कसं बदलतं, किती लघवीतून जातं, किती लेंड्यांतून जातं आणि कोणत्या रूपात.

औषधाचं आत काय होतं

इरिनोटेकॅन स्वतः फारसं काम करत नाही. कार्बॉक्सिलएस्टरेज नावाची एन्झाइम्स त्याचा एक तुकडा तोडतात आणि एसएन-३८ तयार होतं, ते मूळ औषधापेक्षा शंभर ते हजार पट ताकदीचं. मग लिव्हर यूजीटी१ए१ नावाचं एन्झाइम वापरून त्याला ग्लुकुरोनिक अ‍ॅसिड चिकटवतं आणि एसएन-३८जी बनतं, ते निरुपद्रवी. यातलं बरंचसं पित्तावाटे आतड्यात येतं आणि इथेच घोळ सुरू होतो, कारण लिव्हरने नीट बांधून दिलेलं हे गाठोडं आतड्यातले बॅक्टेरिया बीटा-ग्लुकुरोनिडेज या त्यांच्या एन्झाइमने परत सोडतात आणि एसएन-३८ मोकळं होऊन आतड्याचं अस्तर जाळतं. पेशंटना होणाऱ्या उशिराच्या जुलाबांमागे हा भाग मोठा. जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये रॅटमध्येच दाखवलं होतं की अँटिबायोटिक देऊन बॅक्टेरिया मारले की हे जुलाब कमी होतात.

माणसांत औषधाला कार्बन-१४ (किरणोत्सर्गी कार्बन) लावून केलेला अभ्यास २००० मध्ये आला, त्यात लेंडीवाटे म्हणजे शौचावाटे साधारण ६४ टक्के आणि लघवीवाटे ३२ टक्के निघालं, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा न बदललेल्या इरिनोटेकॅनचाच होता. शौचात एसएन-३८जी जवळपास नावालाच सापडलं, एसएन-३८ मात्र भरपूर. म्हणजे गाठोडं तिथे सुटलेलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रॅटचं आणखी एक. रॅटच्या रक्तातच एस्टरेज भरपूर असतं, माणसाच्या रक्तात तसं नसतं. त्यामुळे रॅटचं रक्त ट्यूबमध्ये काढून टेबलावर ठेवलं तर ट्यूबमध्येसुद्धा इरिनोटेकॅनचं एसएन-३८ होत राहतं. हे टीमला पक्कं माहीत होतं, म्हणून रक्त बर्फावर घ्यायचं, ट्यूबमध्ये आधीच एस्टरेज थांबवणारं द्रव्य टाकलेलं, लगेच सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मात (पेशी वेगळ्या काढून उरलेल्या रक्तद्रवात) अ‍ॅसिड. रक्ताच्या बाबतीत कोणी तसूभर चुकलं नाही.

स्टडी कशी आखली होती

स्प्रॅग डॉली रॅट, दोन गट. एकाला साधं इंजेक्शन, दुसऱ्याला नॅनोवालं, शेपटीच्या शिरेतून सावकाश (भराभर दिलं की लाळ गळते, डोळे पाणावतात, कारण हे औषध कोलिनएस्टरेजलाही दाबतं). स्पॉन्सरला एकाच खर्चात जुलाबही बघायचे होते, म्हणून लागोपाठ चार दिवस डोस आणि शेवटच्या डोसनंतर मेटाबोलिक केजमध्ये ठेवून लघवी आणि लेंड्या वेगवेगळ्या गोळा करायच्या.

मेटाबोलिक केज ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी: रॅट जाळीवर उभा असतो, खाली फनेल, त्यात एक कोन असा की लेंड्या एका बाजूच्या डब्यात घरंगळतात आणि लघवी कडेने ओघळून दुसऱ्या ट्यूबमध्ये जाते. जाळीमुळे रॅट स्वतःच्या लेंड्या खाण्याचं प्रमाणही कमी होतं, नाहीतर ते खातातच. कागदावर हे वेगळं करणं एकदम स्वच्छ वाटतं. प्रत्यक्षात लेंडी घट्ट असेल तोवरच ते चालतं.

लॅबकडे दोन प्रकारच्या केज होत्या. नव्या रॅकमध्ये खालची गोळा करायची भांडी थंड राहायची सोय होती. जुन्या रॅकमध्ये तशी सोय नव्हती, खोलीचं जे तापमान तेच ट्यूबचं.

अडचण

आकडे आले तेव्हा स्पॉन्सर खूश. साध्या इंजेक्शनच्या गटात लघवीत एसएन-३८ बरंच जास्त आणि एसएन-३८जी कमी, नॅनो गटात बरोबर उलटं. त्यांनी लगेच अर्थ लावला की आमच्या फॉर्म्युलेशनमुळे ग्लुकुरोनिडेशन (लिव्हरचं ते गाठोडं बांधणं) वाढतंय, मोकळं एसएन-३८ कमी होतंय, म्हणून जुलाब कमी. आणि जुलाब खरंच कमी होते, नॅनो गटातले रॅट साफ दिसत होते, दुसऱ्या गटात शेपटीखालची फर ओली आणि पिवळी. दोन्ही गोष्टी जुळल्या की माणसाला पुढचं काही विचारावंसं वाटत नाही. गुंतवणूकदारांसाठीच्या स्लाइड तयार व्हायला लागल्यासुद्धा.

आमच्याकडच्या सीनिअर मॅडमना मात्र दोन गोष्टी खुपत होत्या. एक म्हणजे एकूण हिशोब लागत नव्हता, दिलेल्या डोसपैकी सापडलेलं सगळं मिळवलं तरी मोठी तूट राहत होती. रॅटमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास परत मिळावं अशी साधारण अपेक्षा असते (ती खरं तर रेडिओलेबलवाल्या, म्हणजे औषधाला किरणोत्सर्गी लेबल लावलेल्या स्टडीसाठी, पण तरी). दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्यांनी मीटिंगमध्ये एवढंच विचारलं, "सर, लिव्हरमध्ये ग्लुकुरोनिडेशन वाढलं असेल तर प्लाझ्मात का दिसत नाही?"

कारण प्लाझ्मात एसएन-३८जी आणि एसएन-३८ यांचं गुणोत्तर दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. लेंड्यांतही दोन्ही गटांत तेच, या दोहोंपैकी जवळजवळ सगळं एसएन-३८. फरक फक्त लघवीत. शरीराच्या आत फरक नाही, शेवटी बाहेर पडणाऱ्या एकाच गोष्टीत फरक, हे पटत नाही ना.

स्टडी डायरेक्टर सरांचं पहिलं उत्तर होतं की मशीनचा दोष असेल. शंका रास्त होती, कारण एसएन-३८जी मास स्पेक्ट्रोमीटरच्या (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या मशीनच्या) सोर्समध्येच, म्हणजे तोंडाशीच तुटून एसएन-३८ सारखा सिग्नल देऊ शकतं, ५६८ वजनातून चिकटलेल्या भागाचे १७६ गेले की एसएन-३८ चे ३९२ उरतात. पण मशीनच्या आधीच्या, द्रव्यं वेगळी करणाऱ्या कॉलमवर दोन्ही पीक चांगले वेगळे येत होते आणि दोन्ही गटांचे सॅम्पल एकाच रनमध्ये आलटून पालटून चालवलेले होते, त्यामुळे ते बाद झालं.

मग मॅडम अ‍ॅनिमल हाउसला गेल्या, मी बरोबर होतो. तिथे प्राणी सांभाळणाऱ्या दादांना त्यांनी विचारलं.

"दादा, लघवीच्या ट्यूब किती वाजता काढता?"

"सकाळी साडेनऊला मॅडम. संध्याकाळी एकदा."

"रात्री?"

"रात्री कोण असतं? गार्ड असतो."

"आणि कोणता गट कोणत्या रॅकला?"

दादांनी रजिस्टर न बघताच सांगितलं. नॅनोवाले नव्या रॅकला, कारण "ते मेन आहे ना, कंपनीचं". साधं इंजेक्शन जुन्या रॅकला. रॅट वजनाप्रमाणे व्यवस्थित रँडमाइज केलेले (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटलेले) होते, शीट होती, सही होती. केज कोणीच रँडमाइज केल्या नव्हत्या. प्रोटोकॉलमध्ये ओळ एवढीच होती की सॅम्पल गोळा करून उणे ऐंशीला ठेवावेत. गोळा होण्याआधी ट्यूबमध्ये ते किती तास आणि कोणत्या तापमानाला पडून असतील यावर अक्षर नाही.

आणि जुन्या रॅकखालच्या ट्यूबमधली लघवी गढूळ होती. जुलाब झालेल्या रॅटची लेंडी कोनावरून घरंगळत नाही, चिकटते, आणि पुढची लघवी तिच्यावरूनच ओघळून येते.

समोर असलेले पर्याय

पहिला, आहे तसा रिपोर्ट द्यायचा. स्टडी जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस या औपचारिक नियमांखालची) नव्हती, नियमाने कोणी अडवलं नसतं, आणि स्पॉन्सरला हवा तो निकाल होता. याच्या बाजूनेही लोक होते, उगाच वाईटपणा कशाला घ्या म्हणणारे.

दुसरा, कार्बन-१४ लावून परत करायचं. ऐकायला हाच सगळ्यात भारी पर्याय वाटतो, कारण किरणोत्सर्ग मोजला की न ओळखलेला मेटाबोलाइटसुद्धा (औषधाचं शरीरात बदललेलं रूप) सुटत नाही. पण लेबल कुठे लावायचं हा इथे मोठा प्रश्न आहे. इरिनोटेकॅन तुटताना मधला कार्बोनिल कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, तिथे लेबल असेल तर ते श्वासातून जाईल आणि एसएन-३८ लेबलशिवाय फिरत राहील. तुटून वेगळ्या होणाऱ्या पिपेरिडिनच्या बाजूला लावलं तर आपण बिनकामाच्या तुकड्याच्या मागे लागू. म्हणजे कॅम्प्टोथेसिनच्या गाभ्यातच हवं, ते बनवून घ्यायचा खर्च, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, वेगळी खोली. आणि मुख्य म्हणजे एवढं करूनही लघवी रात्रभर खोलीत राहिली तर एसएन-३८जी तुटणारच. लेबल एकूण किती ते सांगेल, पण ट्यूबमध्ये तुटलं की लिव्हरमध्ये बनलंच नाही, हे नाही सांगणार. या पर्यायावर मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मला वाटतं तो वाया गेला.

तिसरा, पित्तनलिकेत कॅन्युला (बारीक नळी) घालून थेट पित्त गोळा करायचं. रॅटला पित्ताशय नसतं, पित्त सारखं वाहत असतं, त्यामुळे ते बर्फावर घेता येतं आणि बॅक्टेरियाचा संबंधच येत नाही. ग्लुकुरोनिडेशनबद्दलचं खरं उत्तर इथेच मिळालं असतं. पण सर्जरी, नव्याने एथिक्स कमिटीची परवानगी, आणि स्पॉन्सरकडे तेवढे पैसे आत्ता नव्हते.

चौथा, आधी एकही नवा प्राणी न वापरता टेबलावर सिद्ध करायचं की हे असं होऊ शकतं का, मग जपून ठेवलेल्या सॅम्पलमधून काय वाचवता येतं ते बघायचं, आणि त्यानंतरच गरज असेल तर छोटी रिपीट.

सरांनी चौथा निवडला. खरं सांगायचं तर तत्त्वापेक्षा तो स्वस्त होता म्हणून, पण निवडला.

काय केलं

टेबलावरची टेस्ट एकदम साधी होती. औषध न दिलेल्या रॅटची स्वच्छ लघवी घेतली. एका भागात तशीच ठेवली, दुसऱ्या भागात चिमूटभर ताजी लेंडी कालवली. दोन्हीत मोजून एसएन-३८जी टाकलं. प्रत्येकाचे तीन संच, एक बर्फावर, एक अ‍ॅनिमल हाउसच्या तापमानाला, एक त्याच तापमानाला पण ट्यूबमध्ये आधीच अ‍ॅसिड आणि सॅकॅरोलॅक्टोन टाकलेलं, जे बीटा-ग्लुकुरोनिडेजला अडवतं. ठरावीक तासांनी थोडं थोडं काढून मशीनवर.

स्वच्छ लघवीत कुठेच विशेष काही झालं नाही. लेंडी कालवलेल्या, खोलीच्या तापमानाच्या संचात एसएन-३८जी संध्याकाळपर्यंतच खाली यायला लागलं आणि सकाळपर्यंत बहुतेक गेलेलं, आणि जेवढं गेलं तेवढंच एसएन-३८ वाढलेलं. हे जुळलं तेसुद्धा मोलमध्ये मांडल्यावर. नॅनोग्रॅममध्ये बघितलं तर वाटतं की काहीतरी हरवलं, कारण एकाचं वजन ५६८ आणि दुसऱ्याचं ३९२. आधीची सगळी एक्सेल शीट नॅनोग्रॅममध्येच होती. बर्फावर हेच फार सावकाश झालं, आणि अ‍ॅसिड व सॅकॅरोलॅक्टोनच्या संचात जवळपास थांबलं.

मग जुने सॅम्पल. मूळ एसएन-३८जी आणि एसएन-३८ किती होतं हे आता परत मिळणार नव्हतं, पण सगळं एसएन-३८जी मुद्दाम एन्झाइमने तोडून एकूण एसएन-३८ काढता येतं. ते काढलं तर लघवीत दोन्ही गट एकमेकांच्या बरेच जवळ आले.

तुटीचा हिशोब करताना एक वेगळीच गंमत सापडली. डोस लिहिलेला होता हायड्रोक्लोराइड ट्रायहायड्रेट या क्षाराच्या रूपात, ज्याचं वजन ६७७, आणि आम्ही मोजत होतो मोकळा बेस, म्हणजे क्षार वगळून नुसतं औषध, ५८७. म्हणजे तेरा टक्के तूट मुळात तूटच नव्हती, हिशोबाच्या दोन बाजू वेगळ्या एककांत होत्या. शिवाय केज धुतलेलं पाणी गोळा केलं होतं पण चालवलंच नव्हतं, ते चालवल्यावर आणखी थोडं मिळालं. उरलेली तूट राहिली, कारण एपीसी आणि एनपीसी हे सायटोक्रोम एन्झाइम्सनी बनणारे मेटाबोलाइट आमच्या मेथडमध्ये नव्हतेच.

एवढं हातात घेऊन एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती मागितली. कमिटीने विचारलं की टेबलावर सिद्ध झालंय तर परत प्राणी कशाला. चांगला प्रश्न होता. उत्तर असं दिलं की टेस्टने एवढंच कळतं की असं होऊ शकतं, या फॉर्म्युलेशनच्या बाबतीत तेच झालं का ते नाही कळत. थोडे रॅट, एकच कमी डोस, दोन्ही गटांचे निम्मे निम्मे दोन्ही रॅकमध्ये. परवानगी मिळाली.

काय निघालं

जुन्या रॅकमध्ये एसएन-३८ जास्त, नव्या रॅकमध्ये कमी, इंजेक्शन कोणतंही असो. फरक पहिल्याइतका मोठा नव्हता, कारण या वेळी जुलाब नव्हते आणि लघवी बऱ्यापैकी स्वच्छ होती, पण दिशा तीच. एकाच रॅकमधले दोन गट शेजारी ठेवले तर गुणोत्तरात दाखवण्यासारखं काही उरत नव्हतं.

म्हणजे पहिल्या स्टडीत दोन गोष्टी एकमेकींना हात देत होत्या. साध्या इंजेक्शनने जुलाब झाले, जुलाबाने लघवी खराब झाली, आणि तीच लघवी नेमकी गरम रॅकमध्ये रात्रभर पडून होती.

फॉर्म्युलेशन वाया गेलं असं मात्र नाही. नॅनो गटात औषध रक्तात जास्त वेळ टिकत होतं आणि लघवी व लेंडी दोन्हीतून निघणं पुढच्या तासांकडे सरकलं होतं, हे दोन्ही वेळा दिसलं आणि त्याला रॅकचा काही संबंध नव्हता. फरक वेळेचा होता, मेटाबोलिझमच्या रस्त्याचा नव्हता. पहिल्या स्टडीत जुलाब कमी होते हेही डोळ्यांनी बघितलेलं खरं. ते हळूहळू सुटण्यामुळे असावेत हे पटण्यासारखं आहे, पण या डेटावर ते सिद्ध झालं असं म्हणता येत नाही आणि रिपोर्टमध्ये तसं म्हटलंही नाही.

स्पॉन्सरबरोबरचा कॉल अवघड गेला. त्यांच्याकडच्या एका सायंटिस्टने शेवटी स्वतःच प्लाझ्माची स्लाइड उघडली आणि म्हणाला की हे आमच्याकडेही कोणीतरी विचारायला हवं होतं. ग्लुकुरोनिडेशनची स्लाइड काढून टाकली गेली, उत्सर्जनाच्या वेळेची ठेवली.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय पहिल्याच दिवशी झाला आणि तो निर्णय आहे हे कोणाला वाटलंच नाही: जुलाब आणि एडीएमई (औषध शरीरात शिरणं, पसरणं, बदलणं आणि बाहेर पडणं) एकाच स्टडीत बघायचं. ज्या प्राण्याला जुलाब होतायत त्याच्याकडून लघवी वेगळी गोळा करता येत नाही. उत्सर्जन मोजायचं असेल तर जुलाब न होणारा एकच डोस द्यायचा आणि जुलाब बघायला वेगळा गट ठेवायचा. रॅट थोडे जास्त लागले असते हे खरं, पण रिपीटमध्ये लागलेच की.

दुसरं, रँडमायझेशनच्या शीटमध्ये रॅक आणि केजचा रकाना. आता तो आहे. दादांनी चांगल्या मनाने कंपनीचं औषध चांगल्या रॅकला ठेवलं, त्यांना दोष देणं मला पटत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की दुसरा गटही तेवढाच महत्त्वाचा आहे. प्रोटोकॉल वाचून दाखवायच्या मीटिंगला अ‍ॅनिमल हाउसचं कोणी नव्हतं.

तिसरं, लघवीची स्थिरता. मेथड व्हॅलिडेट करताना आम्ही स्वच्छ लघवीत स्थिरता बघितली होती आणि ती छान होती. तशी लघवी प्रत्यक्षात कधी येतच नाही. आता केजखालून आलेल्या खऱ्या लघवीत बघतो, आणि ट्यूबमध्ये अ‍ॅसिड आधीच टाकून ठेवतो. त्याचा दुसरा फायदा असा की औषधाचं लॅक्टोन (बंद रिंगचं) रूपही टिकतं, नाहीतर अल्कलीत रिंग उघडून कार्बॉक्सिलेट होतं आणि तो वेगळा घोळ.

यावर लॅबमध्ये अजून एकमत नाही. काहींचं म्हणणं आहे की रात्रपाळीला माणूस ठेवून दर चार तासांनी ट्यूब काढल्या तर अ‍ॅसिडचीही गरज नाही. पण केमोचं औषध असलेली लघवी रात्री एकट्या माणसाने हाताळायची, दोन हातमोजे, गाऊन, मास्क घालून, आणि नंतरचा सगळा कचरा सायटोटॉक्सिक लेबलच्या पिवळ्या पिशवीत, हे मला तरी पटत नाही. नव्या रॅकसारखे आणखी दोन रॅक घ्यायचा प्रस्ताव दिलाय, तो अजून अकाउंट्सकडे आहे. पित्ताची स्टडी स्पॉन्सरने पुढच्या वर्षीच्या बजेटात धरलीये.